हुसेनमास्तरांची वाढ

“पन्नास टक्के कापले, पुढे पन्नास टक्के वाढवले. मग बाकी राहतं काय, बुवा?”

गावाबाहेरच्या मठाच्या ओट्यावर बसून दिगंबरशेठ खैरे विचारत होते. शेठ बँडपथकाचे मालक आणि वाणिज्य शाखेचे पदवीधर. पदवी त्यांनी ऑफिसात लक्ष्मीच्या तसबिरीच्याही वर टांगली होती.

गुलाबपुरी बुवा तांब्या घासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुणाचे कापले?”

“हुसेनमास्तरांचे. आमच्याकडे क्लॅरोनेट वाजवतात. वडिलांच्या वेळचा माणूस. एका साली लग्नंच फार थोडी झाली, तेव्हा सगळ्यांची बिदागी निम्मी केली.”

“तुझीही?”

“मालकाला बिदागी नसते, बुवा. उरेल ते त्याचं.”

“उरलं?”

“...थोडंफार.”

बुवा पुन्हा घासू लागले.

“पुढच्या साली धंदा सावरला,” शेठ म्हणाले. “मी सगळ्या पथकासमोर जाहीर केलं, पन्नास टक्के वाढ! काय टाळ्या पडल्या! मास्तर वयाने वडील, म्हणून त्यांना हार घातला. फोटो आहे त्याचा.”

“फोटोत मास्तर हसतायत?”

शेठ आठवू लागले.

“हारामुळे तोंड नीट दिसत नाही.”

“मग झालं काय?”

“पाच वर्षं काही बोलले नाहीत. परवा वाद्य पुसलं, पेटीत घातलं, पेटी माझ्या टेबलावर ठेवली. ‘येतो, शेठ,’ म्हणाले आणि गेले.”

शेठचा आवाज उतरला.

“गुरुवारी माझ्या शकूचं लग्न आहे. ती पाळण्यात होती तेव्हा मास्तर म्हणाले होते, हिच्या वरातीत मीच वाजवणार. पोरगी ते ऐकत मोठी झाली. आता म्हणते, मास्तर नसतील तर वाजंत्रीच नको... बँडवाल्याच्या मुलीचं लग्न मुक्याने लावू? जेवढं घेतलं तेवढं दिलं, बुवा. मग माणूस गेला का?”

बुवांनी तांब्या विसळला. तो आणि एक फुलपात्र शेठच्या पुढे सरकवलं.

“भर.”

चार फुलपात्रांत तांब्या काठोकाठ भरला.

“पन्नास टक्के काप.”

शेठनी दोन फुलपात्रं पाणी काढून जास्वंदीला घातलं.

“आता वाढव पन्नास टक्के.”

“चारावर की...”

“तू कशावर वाढवलेस?”

शेठनी एक फुलपात्र ओतलं. मग हात थांबला. त्यांनी तांब्यात डोकावून पाहिलं. वाणिज्य शाखा बराच वेळ तांब्यात डोकावत होती.

“तीनच झाली,” ते म्हणाले.

बुवांनी फुलपात्र पुसून बाजूला ठेवलं.

“पण मास्तरांना हे कसं कळणार? चौथीत शाळा सोडलेली. त्यांना टक्केवारी कुठे येते?”

“टक्केवारी येत नसेल. तहान लागते ना?”

जास्वंदीखालची माती तेवढ्यात पाणी पिऊन मोकळी झाली होती.

“मी ठेंगणा,” शेठ हळूच म्हणाले. “हार घालायला हात पुरेना. तर मास्तरांनीच मान खाली केली होती...”

बुवांनी मान हलवली.

“मला वाटलं, आनंदाने.”

मग शेठनी डोळे पुसले, खाकरले आणि पुन्हा मालक झाले.

“चूक झाली ना? दुरुस्त करू. आजच मुनीमजींकडून निरोप धाडतो. पन्नास नाही, शंभर टक्के वाढ! शंभर कशाला, दोनशे देतो! दोनशे टक्क्यांना कोण नाही म्हणेल, बुवा?”

“आज मास्तरांना तुझ्याकडून काय मिळतं?”

“आज? ते सोडून गेलेत ना. आज काहीच नाही.”

बुवांनी तांब्या उचलला आणि उरलेलं सगळं पाणी जास्वंदीला ओतलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत तांब्या उपडाच धरला. मग तो शेठच्या हातात दिला.

“घे. यात वाढव दोनशे टक्के.”