गाईला पाय किती?

ज्या काळी राजे स्वतःचे पुतळे उभारण्याऐवजी शाळा उभारत, त्या फार फार जुन्या काळातली ही गोष्ट. असा काळ खरंच होता का, हे मला विचारू नका. गोष्ट सांगणाऱ्याला एवढं खोलात विचारायचं नसतं.

त्या राज्यात नदीकाठी एक गुरुकुल होतं. तिथं मुलांना नव्हे, तर मुलांना शिकवणाऱ्यांना शिकवत. शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला एखाद्या दूरच्या गावी धाडत. पेरणीपासून सुगीपर्यंत त्यानं तिथं शाळा चालवायची. सुगी झाली की आचार्य स्वतः जाऊन मुलांना प्रश्न विचारत. मुलांनी उत्तरं दिली, तर आचार्य झोळीतून एक पितळी घंटा काढून त्या नव्या शिक्षकाच्या हाती ठेवत. घंटा मिळाली की तो खरा शिक्षक झाला आणि गावालाही कायमची शाळा मिळाली. नाही मिळाली, तर शिक्षक परत आणि शाळा बंद.

धारिणी ही त्या गुरुकुलातली हुशार मुलगी. तिच्या वाट्याला डोंगरमाथ्यावरचं एक गाव आलं. गावाचं नाव ऐकताच बाकीच्यांनी कानांवर हात ठेवले, कारण आधीचे दोघे तिथून हात हलवत परतले होते. "तिथली मुलं मुकी आहेत," असं ते सांगत. "एक वेळ दगडाला पाझर फुटेल, पण त्यांना वाचा फुटणार नाही."

निघताना आचार्यांनी धारिणीला जवळ बोलावलं. "रोज संध्याकाळी उंबऱ्यावर बस," ते म्हणाले. "गुराखी गुरं हाकून घरी आणतो, तसा आपला दिवस परत हाकून आण. कोणतं जनावर लंगडलं, कोणतं हरवलं, ते नीट बघ." धारिणीनं मान डोलावली आणि डोंगर चढायला लागली.

पहिल्या दिवशी शाळेत मुलं दाटीवाटीनं बसली होती. गुरुकुलात शिकवला होता तोच पहिला प्रश्न धारिणीनं विचारला.

"मुलांनो, गाईला पाय किती?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मग साळू नावाची एक मुलगी उठली आणि आजाऱ्याशी बोलावं तशा हळू आवाजात म्हणाली, "चार असत्यात, बाई."

"शाब्बास! आणि सूर्य कुठल्या दिशेला उगवतो?"

आता तर मुलांच्या डोळ्यांत दया दाटून आली. साळूनं हात लांब करून दिशा दाखवली. पहिला दिवस असा छान गेला म्हणून धारिणी खूश झाली. मुकी म्हणे मुलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात गाय हंबरली. बघते तो गावचे म्हातारे नाईक गाईचं दावं धरून उभे, आणि त्यांच्या मागे अर्धा गाव.

"बाई, पोरं सांगत आली, तुम्ही गाय बघितलेली न्हाय," नाईक मायेनं म्हणाले. "त्यात लाजायचं काय? ज्याच्या गावात जे न्हाय ते त्याला ठावं नसतं. ही आमची कपिली. मारत न्हाय. निवांत मोजा."

"आन् उद्या पहाटं माझ्यासंगं कड्यावर चला," मागून एक बाई म्हणाली. "सूर्य कुठनं निघतो ते दावते."

धारिणीला हसूच आवरेना. "अहो नाईक, मला का ठाऊक नाही? गाईला चार पाय हे शेंबड्या पोरालाही कळतं! मी मुलांना येतं का, ते बघत होते."

नाईकांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "ठावं हुतं?" त्यांनी विचारलं. "ठावं असून इचारलंत?" पुढं एक शब्द न बोलता त्यांनी कपिलीला वळवलं आणि ते चालू लागले. त्यांच्यामागे अर्धा गावही निघून गेला.

त्या दिवसापासून शाळेत चिडीचूप.

मुलं रोज वेळेवर येत, मांडी घालून बसत, धारिणी सांगेल ते कान देऊन ऐकत. पण तिनं काही विचारलं की सगळ्यांच्या नजरा जमिनीला खिळत. तिनं गोंजारून पाहिलं, रागावून पाहिलं, गुळाचा खडा देऊन पाहिला. मुलांनी गूळ खाल्ला आणि तोंडं पुन्हा मिटली.

संध्याकाळी ती उंबऱ्यावर बसे आणि दिवस परत हाकून आणी. पण खरं सांगायचं तर ती फक्त मुलांचीच जनावरं मोजत असे. हा मठ्ठ, ती हट्टी, तो घुम्या. स्वतःचं एकही लंगडं जनावर तिला दिसत नव्हतं. रानात पिकं वर येत होती आणि सुगी जवळ येत चालली होती. हातात घंटा नसताना गुरुकुलाच्या दारातून आत कसं शिरायचं, हा विचार तिला रात्रंदिवस छळू लागला.

पावसाळा सरला आणि डोंगरावरचा वारा फिरला. एका सकाळी चुलीचा सगळा धूर तिच्या झोपडीत कोंडला. भाकरी करपली, डोळे लालभडक झाले. तशीच ती शाळेत आली आणि पदरानं डोळे पुसत वैतागून म्हणाली, "हा मेला धूर बाहेर का जात नाही, देव जाणे! कुणाला ठाऊक आहे का रे?"

आणि काय सांगू, बांध फुटावा तशी शाळा बोलू लागली!

"बाई, वारा फिरलाय! चुलीचं त्वांड फिरवाय पायजे!"

"न्हाय बाई, आधी लाकूड कशाचं जाळता ते सांगा!"

"वलं असंल! वल्ल्या लाकडानं लई धूर हुतो!"

"बाईंच्या झोपडीला वरनं भोकच न्हाय ठेवलेलं!"

वाद घालत सगळी मुलं तिच्या झोपडीकडे पळाली. कुणी चुलीचे दगड फिरवले, कुणी छपराच्या कोपऱ्यातलं गवत बाजूला सारलं. थोड्या वेळानं धूर शहाण्यासारखा वर निघून गेला. धारिणी मात्र दारातच उभी राहिली होती. मुकी म्हणवलेली मुलं तिच्या कानाशी कलकलत होती आणि तो कलकलाट तिला अतिशय गोड लागत होता.

तिनं साळूला जवळ घेतलं. "साळू, इतके दिवस तुम्ही गप्प का होता गं? मला खरंच ठाऊक नाही."

साळूनं तिच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. खरंच ठाऊक नाही, याची खात्री पटल्यावर ती म्हणाली, "ठावं असून इचारणारा माणूस वाईट असतो, बाई. नाईकआजाला इचारा."

धारिणी नाईकांकडे गेली. या वेळी नाईकांनी सांगितलं.

"माझ्या आजाच्या वेळंला एक दुष्ट राजा हुता. त्याचे शिपाई आधी गुपचूप गोठ्यात जाऊन गुरं बघून यायचे. मग चावडीवर बसून एकेकाला इचारायचे, गाई किती? शेरडं किती? घाबरून कुणाची जीभ अडखळली की पाठीवर चाबकाचा कोरडा. तवापास्नं आमच्यात रीत हाय. ठाऊक न्हाय ते इचारावं, लाज धरू नये. आन् कुणी इचारलं तर हातचं काम टाकून सांगावं. पण ठाऊक असून इचारील त्याच्याफुडं तोंड उघडू नये." मग ते म्हणाले, "आन् बाई, तुम्ही पैला सवाल गाईचाच इचारला."

धारिणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि खरं सांगते, त्याच क्षणी तिच्या छातीवरची धोंडही उतरली. मुलं मठ्ठ नव्हती आणि तिची विद्याही फुकट गेली नव्हती. फक्त ती या गावात येताना या गावाला काहीच विचारून आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती मुलांसमोर उभी राहिली. "मला ठाऊक आहे ते मी तुम्हाला सांगेन," ती म्हणाली. "आणि मला ठाऊक नाही तेच विचारेन."

मग काय विचारता! या गवताला काय म्हणता? तो झरा उन्हाळ्यात आटतो का? मुलं नावं सांगत, ती नावं कशी लिहायची ते धारिणी दाखवी. झऱ्यापर्यंत पावलं किती, हे तिला कुठं ठाऊक होतं? मुलं मोजून येत आणि बेरीज-वजाबाकी करून सांगत. अक्षरं आणि आकडे रानातल्या वेलीसारखे भराभर वाढू लागले.

पण आचार्यांचं काय? ते तर ठाऊक असलेलंच विचारणार. धारिणीनं एकदा धीर करून मुलांना म्हटलं, "आचार्य येतील, विचारतील. त्यांना ठाऊक असेल, तरी सांगाल ना?"

"मंग त्ये शिपाई हायत का?" साळूनं विचारलं. धारिणीनं तो विषय तिथंच सोडला.

सुगी झाली. आचार्य काठी टेकत, धापा टाकत डोंगर चढून आले. गुडघे चोळत ते मुलांसमोर बसले, झोळी शेजारी ठेवली आणि त्यांनी विचारलं, "बाळांनो, गाईला पाय किती?"

शाळेत एकदम शांतता पसरली.

"बरं, सूर्य कुठल्या दिशेला उगवतो?"

सगळी मुलं जमिनीकडे बघत होती. आचार्यांनी निःश्वास टाकला आणि झोळी परत खांद्याला लावली. झोळीतली घंटा आतल्या आत किणकिणली. तो आवाज ऐकून साळूचे डोळे भरून आले. ती धारिणीकडे झुकली. "सांगू का, बाई?" ती कुजबुजली. "तुमच्यासाठी सांगते."

एक होकार दिला असता, तर घंटा हातात होती. पण धारिणीनं मान हलवून नको म्हटलं आणि ती उठून उभी राहिली.

"आचार्य, तुम्हाला ठाऊक नसलेलं काहीतरी विचारा."

आचार्यांच्या भुवया चढल्या. त्यांना असं आजवर कुणी सांगितलं नव्हतं. रागानं ते काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी धारिणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते विचारात पडले. एकेक प्रश्न त्यांच्या ओठांवर येई, पण प्रत्येकाचं उत्तर त्यांना पाठ होतं. इतकी वर्षं शिकवून त्यांना एक खरा प्रश्न सापडेना! शेवटी गुडघ्यात कळ आली आणि ते कण्हत म्हणाले, "चढताना जीव गेला. उतरायला एखादी सोपी वाट आहे का रे?"

"हाय की!" सगळी शाळा एका सुरात ओरडली.

मुलांनी चुलीतली राख आणून जमिनीवर पसरली आणि बोटानं वाटा काढल्या. एक जवळची पण उभी, दुसरी लांबची पण सौम्य. साळूनं प्रत्येक वळणाचं, प्रत्येक झऱ्याचं नाव सुबक अक्षरांत लिहिलं. एकानं पावलांची बेरीज केली, दुसऱ्यानं ती तपासली आणि चूक काढली, त्यावर भांडण झालं, भांडण मिटलं. "म्हाताऱ्या माणसाला बसाय दगड पायजेत," म्हणून त्यांनी बसायचे दगडही दाखवले. आचार्य गुडघा विसरून राखेवर वाकले आणि वाचू लागले.

"इतकी सुरेख अक्षरं!" ते पुटपुटले. "कुणी शिकवली गं ही?"

साळूनं एकदा धारिणीकडे आणि एकदा आचार्यांकडे पाहिलं. "त्ये तुम्हाला ठाऊक हाय," ती म्हणाली आणि तिनं तोंड गच्च मिटून घेतलं.

आचार्य डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. हसता हसताच त्यांनी झोळीतून घंटा काढली आणि धारिणीच्या ओंजळीत ठेवली. धारिणी रडली, हसली, आणि मुलांनी तिच्या हातातली घंटा घेऊन डोंगर दणाणून सोडला.

आचार्य सोप्या वाटेनं, दगडादगडावर टेकत सुखानं उतरले. पुढच्या वर्षीपासून गुरुकुलात नवा नियम झाला. नव्या गावात गेल्यावर आधी आपल्याला ठाऊक नसलेलं विचारायचं, शिकवायचं त्यानंतर.

धारिणी त्याच गावात राहिली. पुढं पुढं ती ठाऊक असलेलंही विचारू लागली, पण आधी स्पष्ट सांगून. "याचं उत्तर मला ठाऊक आहे," ती म्हणे, "पण तुम्ही कुठं अडता ते ठाऊक नाही, म्हणून विचारते." मुलांना ते पटलं. नाईकांनाही पटलं. एका सकाळी ते कपिलीला घेऊन दारात आले आणि मिश्कीलपणे म्हणाले, "बाई, मोजा बघू, चारच हायत का अजून?"

धारिणीनं वाकून चारही पाय नीट मोजले.

तात्पर्य: जो खरोखर जाणून घेण्यासाठी विचारतो, त्यालाच खरं उत्तर मिळतं.