राहीबाईची भिंत

भाविकहो, घोंगडीनाथ महाराज बोरवंडला आले आणि मारुतीचे देऊळ सोडून थेट राहीबाईच्या ओसरीवर जाऊन बसले, तेव्हा गावाच्या भुवया पागोट्यात जाऊन अडकल्या. राहीबाई म्हणजे देवळाची सडासारवण करणारी विधवा. शाळेची जमीन सारवता सारवता अक्षरे शिकली होती. एकुलती लेक चंद्री तापाने गेल्यापासून ती ओसरीच्या भिंतीवर कोळशाने ओव्या लिही, आणि कोणाची चाहूल लागली की वरून शेणाचा हात फिरवी. तीन वर्षे हेच! भिंत इतकी जाडावली, की उंदरांना बीळ पाडायला दोन पिढ्या लागत.

महाराजांना काय लपते? भरल्या अंगणात ते म्हणाले, "राही, आज लेकीची तिथी. वाच भिंतीवरच्या ओव्या चार माणसांत."

"नको, महाराज. हसतील."

"हसू देत. पोरीला एकदा मातीत दिलीस. आणखी किती वेळा लिंपशील?"

विश्वंभरबुवा कीर्तनकार शेजारीच बसले होते. ते खो खो हसले. "वा! आता शेणाचे हात ओव्या रचणार? पोथी कुठाय बाई? का भिंतीला विचारू?"

अंगण हसले. राहीबाईने पदर तोंडाशी धरला आणि ती आत पळणार, तोच महाराजांनी भिंतीला तळहात लावला. भाकरीचा पापुद्रा सुटावा तसे पोपडे सुटले! पाट्या भरभरून पडले म्हणतात. आणि खाली एकूण एक ओवी, काल लिहिल्यासारखी.

"महाराज, तुम्हीच वाचा."

"अक्षरे मी वर आणली, बाळ. गळा तुझाच हवा."

ती भिंतीकडे तोंड करूनच उभी राहिली. तशीच तिने पहिली ओवी म्हटली.

"चंद्रे, तुझा परकर
अजून दोरीवर वाळतो;
वारा शिरतो त्यात, बाई,
दारात तुझ्यावाणी खेळतो."

कोणी हसले नाही. मग ती वळली, आणि पुढच्या ओव्या तिने माणसांकडे बघत म्हटल्या. भिंतीची गरजच नव्हती; सगळ्या पाठ होत्या.

विश्वंभरबुवा उठले. पगडी काढून त्यांनी महाराजांच्या नव्हे, राहीबाईच्या पायांवर डोके ठेवले.

"माझी लेक मनू बाळंतपणात गेली, बाई. तेराव्यानंतर दुसऱ्याच दिवशी कीर्तनाला उभा राहिलो. जगाला रडवले, पण तिच्यासाठी शब्द सुचला नाही."

राहीबाई तिथेच उकिडवी बसली. "सांगा की बुवा, कशी होती?"

बुवांनी टेकलेले डोके वर उचललेच नाही. तिथूनच म्हणाले, "डावखुरी होती. मी मारायचो तिला त्यापायी."