सुकेशनीनं काय खाल्लं

"...पण तिकडच्या सरकारला तुमचं नाव कोणी दिलं, भंते?"

विचारलं सुकेशनीनं. पहिल्या ओळीत बसून, मान वर करून, घरच्याच माणसाला विचारावं तसं.

रत्नमालेच्या अंगाचा तिळपापड झाला. टेकडीवरच्या या विहारात ती सहा वर्षं येत होती. दर रविवारी तिस्स भंतेंचं जेवण तिच्या घरून यायचं. त्यांना तिखट सोसत नाही, वांगं चालत नाही, भात मऊ लागतो, सगळं तिला पाठ. पण असा प्रश्न तिनं कधी विचारला नव्हता. धीरच झाला नव्हता. आणि ही, नवऱ्याच्या बदलीमागे चार महिन्यांपूर्वी गावात आलेली...

आता भंते रागावतील, असं तिला वाटलं. रागावले असते तर बरंच झालं असतं.

भंते रागावले नाहीत. पेल्यातलं पाणी घोटभर प्यायले.

"ते राहू दे," म्हणाले. "कागदाचं सांगतो."

तिस्स भंते इथले नव्हेत. डोंगरांपलीकडच्या कुठल्याशा देशातून तरुणपणी जीव वाचवून आलेले. त्या देशाचं नाव ते घेत नसत. इतक्या वर्षांत मराठी इथल्यासारखीच झाली होती, वाक्यं तेवढी आखूड. पण तिकडच्या राजवटीबद्दल आजवर चकार शब्द नाही. आज बोलत होते. तेही सुकेशनीनं विषय काढला म्हणून.

"दर शनिवारी प्रत्येकाच्या हातात एक कागद यायचा. त्यावर एका माणसाबद्दल एक गोष्ट लिहायची. खरी."

"आणि नाही लिहिली तर?" परत सुकेशनीच.

"कोरा कागद दिला की विचारायचे, तुला डोळे नाहीत का? की तूही त्यांच्यातलाच?"

"मग लोक लिहायचे तरी काय?"

"दिसेल ते. अमक्याच्या चुलीतून दिवसात दोनदा धूर निघाला. तमकी काम करताना गुणगुणली. एकानं भिंतीवरचे फोटो पुसले, तर मोठ्या साहेबांचा फोटो सगळ्यांत शेवटी पुसला."

मागून पारबताबाई बोलली. ऐंशीची म्हातारी, पण आवाज खणखणीत. "आमच्या नळावर तं रोजचंच हाय हे. कागद तेवढा नाई."

सगळ्या बाया हसल्या. भंतेही हसले. मग पुढे सांगू लागले.

"शाळेत बाई मुलांना विचारायच्या, काल घरी काय शिजलं. आई काय बोलली. जो नीट सांगेल त्याला खडीसाखर... लहान मुलं खोटं बोलत नाहीत ना."

 ते ऐकून आपल्या यशूला जवळ ओढायला रत्नमालेनं हात पुढे केला, तर मांडी रिकामी. सात वर्षांची यशू सरकत सरकत केव्हाच सुकेशनीजवळ जाऊन बसली होती, तिच्या बांगड्यांशी खेळत.

आधी ग्रंथ गेला, आता पोरगीही चालली, रत्नमालेच्या मनात आलं.

वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. तीन वर्षं हे वाचन रत्नमालेकडे होतं. जोडाक्षरापाशी अडखळायची, म्हणून दुपारी पोरीला झोपवून त्या दिवसाचं पान घरी दोनदा वाचून यायची. बायका वाटेत थांबवून म्हणायच्या, छान वाचलंस गं. तेवढ्यावर तिचा आठवडा जायचा.

यंदा आषाढ पौर्णिमेला भंते एवढंच म्हणाले, "या वर्षी सुकेशनी वाचेल."

का, ते कोणी विचारलं नाही. तिनंही नाही.

प्रवचन आटोपलं. वंदना झाली. बायका चपला शोधत टेकडी उतरू लागल्या. सुकेशनी यशूचा हात धरून बाहेर पारावर गेली. रत्नमालेला कोणी विचारलंही नाही, नेऊ का म्हणून.

भंते जेवले. रत्नमालेनं डबा विसळला, पुसला, आणि पुसत पुसतच थांबली.

"भंते, एक सांगायचं होतं."

"सांग."

"चुगली नाही. मनात ठेवू नये म्हणून सांगते."

भंतेंनी पात्र बाजूला ठेवलं.

"पौर्णिमेला आम्ही सगळ्यांनी अष्टशील घेतलं. तुमच्याच तोंडून. दुपारी बारानंतर काही खायचं नाही... सुकेशनीनं खाल्लं."

"काय खाल्लं?"

"भजी. कांद्याची."

"किती?"

रत्नमालेजवळ उत्तर तयार होतं. "तीन."

"किती वाजता?"

"चार वाजून गेले होते. एसटी स्टँडच्या मागे गाडी लागते तिथं. अंगावर पांढरी साडी, सगळ्यांना दिसतंय उपोसथाचं व्रत आहे म्हणून. आणि तेच तोंड घेऊन संध्याकाळी ग्रंथासमोर बसली."

बोलता बोलता तिचा आवाज मोकळा झाला. तीन दिवस घशाशी अडकलेलं एकदाचं बाहेर आलं. भंते तिच्याकडे नीट बघून ऐकत होते, मध्येच विचारत होते. सहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"तू पाहिलंस?"

"मी नाही..."

"मग?"

"यशू होती तिच्याबरोबर. तिला फिरवून आणते म्हणाली होती."

"यशूनं आपणहून सांगितलं?"

रत्नमाला डब्याचं झाकण पुसू लागली. ते कधीचंच कोरडं झालं होतं.

"मी विचारलं. आईनं विचारू नये का, भंते? परक्या बाईबरोबर पोर पाठवायची, जीव थाऱ्यावर राहतो का? तेलकट खायला घातलं, ताप आला, तर रात्रभर बसायचं कोणी?"

"एकदाच विचारलंस?"

"...चार-पाच वेळा. आधी नुसतीच हसायची. मग म्हणाली, मला एक दिली, मावशीनं तीन खाल्ली. पण ते असं लगेच नाही. आधी राजगिऱ्याचा लाडू दिला, तेव्हा."

शेवटचे शब्द तोंडातून निघाले आणि तिचे तिलाच ऐकू आले.

बाहेर पारावर यशू कशालातरी खिदळत होती.

...

भंते उठले. पांढऱ्या कापडात बांधलेला ग्रंथ त्यांनी आतून आणला. बाईमाणसाच्या हातात ते थेट काही देत नसत. ग्रंथ तिच्यासमोर चौरंगावर ठेवला आणि मागे सरून बसले.

"आज संध्याकाळपासून तू वाच."

रत्नमालेला आधी खरंच वाटेना. मग मनात अशा उकळ्या फुटल्या की हात जोडायचंही राहून गेलं. संध्याकाळी सगळ्या जमतील. सुकेशनी पुढे येईल, आणि तिच्या जागेवर... तिचं तोंड कसं होईल ते रत्नमालेनं बसल्या जागी पाहून घेतलं.

तिनं ग्रंथ मांडीवर घेतला, कापड सोडलं. वाचन कुठवर आलंय ते बघायला पानं चाळली. सुकेशनीनं खूण म्हणून एसटीचं तिकीट घालून ठेवलं होतं. रत्नमालेनं ते काढून बाजूला ठेवलं.

भंते बघत होते.

"माझा एक गुरुबंधू होता," ते म्हणाले. "त्याचा आवाज माझ्यापेक्षा गोड. पठणाला आमचे गुरुजी त्यालाच पुढे बसवायचे."

रत्नमालेनं मान वर केली.

"एका शनिवारी मी कागदावर लिहिलं. त्यानं बंदी असलेली जुनी पोथी तांदळाच्या कणगीत लपवली आहे... खोटं एक अक्षर नव्हतं."

"मग?"

"साहेबानं कागद वाचला. मला चहा दिला. म्हणाला, उद्यापासून त्याच्या जागेवर तू बस."

"आणि त्यांचं... त्यांचं काय झालं?"

भंतेंनी आपलं रिकामं पात्र जवळ ओढलं. पुसलं. पालथं घातलं.

"कुठं नेलं ते कोणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. चार महिने त्या जागेवर बसून मी पठण केलं. लोक म्हणायचे, चांगलं म्हणतोस."

...

"आपल्या विहारात हे मी कोणाजवळ बोललेलो नाही," भंते म्हणाले. "तुला सांगितलं."

सहा वर्षं रत्नमालेला हेच हवं होतं. भंतेंनी तिला सांगावं, फक्त तिलाच, असं काहीतरी. आज ते मिळालं, आणि कुठं ठेवावं ते कळेना. मांडीवरचा ग्रंथ तिला जड लागू लागला.

दारात सावली आली. यशू होती, केसांत पिंपळाचं पान खोचून. तिनं आईच्या मांडीवरचा ग्रंथ पाहिला. बाजूला पडलेलं तिकीट पाहिलं.

"आई, आता मावशी नाही वाचणार?"

रत्नमाला उघडं पान सारखं करू लागली.

यशूनं जरा वेळ वाट पाहिली. मग हळूच, आवाज खाली आणून विचारलं, "मी सांगितलं म्हणून?"

रत्नमालेनं तिकीट उचललं. ते परत ठेवायला गेली, पण कोणत्या पानातून काढलं होतं तेच आठवेना. दोनदा पानं उलटली. शेवटी तसंच वरच ठेवून तिनं ग्रंथ मिटला, कापड बांधलं. गाठ नीट बसेना. तशीच सैल बांधून तिनं तो चौरंगावर ठेवला आणि भंतेंच्या बाजूला सरकवला.

"नको, भंते."

"तूच वाचत होतीस. तीन वर्षं."

"हो."

"मनापासून हवं होतं तुला."

"अजून हवंय," रत्नमाला म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "पण नको."

भंतेंनी ग्रंथाची सैल गाठ सोडून नीट बांधली.

"हा एवढासा शब्द," ते म्हणाले, "मला तेव्हा सुचला नाही..."