पोतेखिंड

कुसवलीहून धारजाईला जाताना जी अरुंद खिंड लागते, तिला पोतेखिंड म्हणतात. तिथे ना कोठार, ना बाजाराची वाट. मग हे नाव कसे पडले, असे पाहुण्यांनी विचारले की भैरोबाचे येसबा गुरव देवळाच्या पायरीवर बसून सांगू लागतात.

फार पूर्वी कुसवलीत रायाजी पाटील होते. माणूस न्यायाचा, पण कुत्र्यांनी त्यांना जेरीस आणले होते. वाळवण घालावे तर पापड जायचे, सकाळी जोडा शोधावा तर एकच पाय सापडायचा. पाटील हे सोसत होते. पण लेक चिमा हिला बघायला धारजाईचे भिवराव आले आणि वेशीवरच कुत्र्यांनी त्यांचे धोतर धरले. होणारे व्याही बराच वेळ कडुलिंबावर बसून होते म्हणे. पाटलांनी तिरीमिरीत भैरोबापुढे पागोटे उतरवले. "गावात एक कुत्रे आहे तोवर हे डोक्याला लावणार नाही!" कुत्रे हे भैरोबाचेच वाहन, हे रागाच्या भरात त्यांच्या ध्यानातही आले नाही.

भिवराव दिलदार होते, सोयरीक जुळली. लग्न माघात ठरले. पण बोडक्या डोक्याने मांडवात उभा राहणारा बाप म्हणजे सुतक आल्यासारखे. पाटलीणबाई म्हणाल्या, "देवाच्या वाहनावर रागावलात, आता भोगायचं माझ्या लेकीनं!"

देवाच्या वाहनाला मारायला हात धजेना. मग गड्यांनी कुत्री पोत्यात घातली आणि भल्या पहाटे खिंडीपलीकडे नेऊन सोडली. पाटलांनी निःश्वास टाकला. चार दिवसांत गावात नवी कुत्री हजर! जुनी निदान माणसे ओळखत होती; ही दिसेल त्याच्या अंगावर येत. पुन्हा पोती, पुन्हा खिंड. गड्यांचे खांदे सोलवटले, कुत्री काही कमी होईनात. पाटलांनी कपाळाला हात लावला.

शेवटी वैतागून एका पहाटे त्यांनी स्वतःच पोते उचलले. खिंडीत धुके दाटले होते. समोरून भिवराव आले. त्यांच्याही पाठीवर पोते.

"राम राम पाटील. काय नेताय?"

"लग्नाचे तांदूळ. तुम्ही?"

"आमचेही तांदूळच."

तेवढ्यात पाटलांचे तांदूळ भुंकले. भिवरावांच्या तांदळांनी ओ दिली.

"म्हणजे आमच्या पोरांना चावतात ती तुमची?" पाटील गरजले.

"आणि आमच्या कोंबड्या खातात ती तुमची! पोरगी देताय की कुत्री, एकदा काय ते ठरवा, पाटील!"

पोती सोडली. कुत्र्यांनी मागे वळूनही पाहिले नाही. जी ती आपापल्या गावाकडे उतरली. पाटील दगडावर मटकन बसले. "आता काय करू, भिवराव?"

"आपली आपल्याकडे राहू द्या. पोटाला मिळालं की वाळवणाकडे बघणार नाहीत, आणि परक्या कुत्र्याला वेशीत घेणार नाहीत."

"आणि माझी शपथ?"

भिवरावांनी रिकामे पोते झटकून खांद्यावर टाकले आणि धारजाईची वाट धरली.

कुसवलीत आळीआळीने कुत्री वाटून घेतली. प्रत्येक चुलीवरची एक भाकरी त्यांची ठरली, व्यालेल्या कुत्रीला गोठ्याचा कोपरा मिळाला. पोरांना चावणे थांबले, रात्री शांत जाऊ लागल्या. पण कुत्री होतीच, आणि पागोटे खुंटीवर.

माघ उजाडला. मांडवात पाटील बोडक्या डोक्याने, मान खाली घालून उभे राहिले. वऱ्हाडात कुजबुज सुरू झाली. चिमाला रडू आवरेना. भिवराव दारात थबकले. मग त्यांनी सगळ्यांदेखत स्वतःचे पागोटे उतरवून काखेत धरले. "पोती दोघांनी वाहिली," ते म्हणाले, "मग एकट्याचंच डोकं का उघडं?" आणि तसेच पाटलांच्या गळ्यात पडले.

आता तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर येतात, लस टोचतात, नसबंदी करतात आणि कुत्रे ज्या आळीचे त्याच आळीत आणून सोडतात. दुसरीकडे सोडा, असे कुसवलीत कोणी म्हणत नाही. आणि आजही इथल्या लग्नात व्याही एकमेकांना उघड्या डोक्यानेच भेटतात. कोणी नवखा हौसेने फेटा घेऊन पुढे आला, तर म्हातारे वैतागून हात झटकतात. "राहू दे रे बाबा. कुत्री आहेत अजून."