कर्जात बुडालेला वैद्य आणि मेलेला सावकार

फार पूर्वी, औषधाच्या गोळ्या अजून निघायच्या होत्या तेव्हा, एका बाजारगावात एक वैद्यबुवा होते. त्यांचं खोकल्यावरचं चाटण खरोखर गुणकारी होतं. तेवढ्यावर सुखाने भागलं असतं, पण त्यांना केस उगवणारं तेल काढायची हौस आली. कर्ज काढून त्यांनी मोठाल्या तांब्याच्या कढया आणल्या. तेल तयार झालं. पण विकणाऱ्याच्याच डोक्यावर एक केस नाही म्हटल्यावर ते घेणार कोण?

कर्ज गळ्याशी आलं. गूळवाला, बरण्या देणारा कुंभार आणि गावचा सावकार रोज सकाळी ओट्यावर येऊन बसू लागले. सावकार तर कढया उचलून न्यायला टपलाच होता. चाटणही आता त्याच कढयांत शिजायचं; कढया गेल्या की तेही बंद.

इतक्यात बातमी आली, की शहरातला एक बडा शेठ वैद्यबुवांची औषधशाळा विकत घ्यायला येतो आहे. तिघांनाही हुरूप आला. शेठसमोर आपण रोगी व्हायचं आणि औषधाची तारीफ करायची, असं त्यांनी ठरवलं. वैद्यबुवांना हे पटेना, पण कर्जदाराचं ऐकतो कोण?

शेठ आला. गूळवाल्याने सांगितलं, की चाटणाने त्याचा जुनाट खोकला गेला. इथवर ठीक होतं. कुंभाराचे पैसे जास्त अडकलेले, म्हणून त्याने आजारही मोठा घेतला आणि आपण दोन वर्षं अंथरुणाला खिळलो होतो असं ठोकून दिलं. सावकाराची रक्कम सगळ्यांत मोठी. तो पुढे सरकून म्हणाला, "शेठजी, मी तर मेलोच होतो. तिरडीवर बांधलं होतं मला. कुणीतरी बोटभर चाटण तोंडात घातलं आणि मी उठून बसलो. तेव्हापासून साधी शिंक नाही."

शेठ उठून जोडे शोधू लागला. "बोटभर चाटणाने मेलेला उठतो आणि पुन्हा आजारीच पडत नाही, मग दुसरी बरणी घेणार कोण? हा धंदा मला नको."

सावकाराचं तोंड एवढंसं झालं. वैद्यबुवांना मात्र आता राहवेना. कढया गेल्या तरी चालतील, पण आपल्या चाटणाची ही थट्टा त्यांना सहन होईना.

"शेठजी, हे रोगी नाहीत. यांचे पैसे माझ्याकडे अडकलेत," ते म्हणाले. "माझं तेल फसलं. चाटण फक्त खोकल्यावर चालतं, तेही त्या हिवाळ्यापुरतं. पुढच्या थंडीत माणूस पुन्हा खोकत येतो."

शेठने पायात घातलेला जोडा काढला. "पुन्हा येतो? दर वर्षी?"

"दर वर्षी. पोराबाळांसकट."

शेठ परत खाली बसला. त्याने औषधशाळा कर्जासकट घेतली, वैद्यबुवांना भट्टीवर कायम ठेवलं आणि चाटण खपेल तसं कर्ज फेडायचं ठरवलं. सावकार कुरकुरला, तेव्हा शेठ म्हणाला, की मेलेल्या माणसाला एवढी घाई बरी नव्हे.

तेव्हापासून थंडी पडली की सावकार काखेत बरणी मारून घरोघर फिरतो आणि कुणी खोकतंय का, अशी मोठ्या मायेने चौकशी करतो.

तात्पर्य काय, तर आपल्या मालात जेवढा गुण आहे तेवढाच सांगावा. गिऱ्हाइकाला कदाचित तेवढाच हवा असतो.