राजाच्या ताटातला गार भात

अरुणवती नगरीवर राजा अजितकेतू राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व त्याचे अन्न आधी चाखून पाहणारा सेवक होऊन जन्मला होता. नाव तिष्य.

रीत अशी, की तिष्याने प्रत्येक पदार्थाचा घास घ्यायचा आणि मग दोन घटका सगळ्यांनी त्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. तो धडधाकट राहिला, की ताट राजापुढे जायचे. विषाची भीती राजाच्या पणजोबांच्या वेळची. रीत मात्र चालूच होती.

राजा थकला होता. लढाया संपल्या, मुले कर्ती झाली, तरी सकाळी उठावेसे वाटेना. गाणे कानाला टोचे. भात ओल्या मातीसारखा लागे. वर्षभरात त्याने सहा आचारी हाकलले. सातवा भद्रक. आजचे ताट नावडले, तर त्याला बायकामुलांसह नगराबाहेर काढायचे ठरले होते.

राजाने एक घास घेतला आणि ताट सरकवले.

"तिष्या, तूही हेच खाल्लेस. बेचव आहे एवढे म्हण, याचे घर तुला देतो."

दाराशी उभ्या भद्रकाने मान खाली घातली.

"भात चांगला आहे, महाराज. मला घर नको."

"मग माझी जीभ खोटी?"

"जीभ नाही, महाराज. मी खातो तेव्हा भाताला वाफ असते, तूप नुकते विरघळलेले असते. आपल्यापुढे येईतो त्याची खपली होते. तीस वर्षांच्या राज्यात आपण एकदाही ऊन भात खाल्लेला नाही."

प्रधान खाकरला. राजघराण्याच्या रीतीत खोट काढणे हा अपराध होता. पण राजा रागावला नाही. रागावायलाही त्राण लागते.

"तू तर रोज मरणाचा घास घेतोस. तुला गोड कसा लागतो?"

"शेवटचा असेल, म्हणून घाई करीत नाही. मग मीठ कळते, तांदूळ कळतो. कधी खालची खरपुडीसुद्धा आवडते."

राजाने भद्रकाला खूण केली. "चुलीवरून थेट वाढ. तिष्या, तू समोर बस."

"विष निघाले तर?" प्रधानाने विचारले.

"तर दुपारी सभेला यावे लागणार नाही," राजा म्हणाला.

एकाच ताटात दोघांचे हात गेले. राजाची जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आले. मग ताटाच्या कडेचे तूप त्याने बोटाने निपटले आणि विचारले,

"भद्रका, लिंबू आहे का रे?"

हे सांगून शास्ता म्हणाले, "भिक्खूंनो, रोज तीच पेज म्हणून विटलेला हा तुमचा सोबती भिक्खू तेव्हा राजा होता. ती पेज वाढणारा उपासक भद्रक होता, आणि तिष्य मी होतो. समोरच्या घासाला पुरे लक्ष देणे, या गुणाला संतोष म्हणतात."