तांबड्याची सुट्टी

बैल बोलायचे आणि माणसं थोडंफार ऐकायची, त्या काळची ही गोष्ट. पाऊस सरला, आश्विनातलं ऊन पडलं, शाळूच्या पेरणीचे दिवस आले. भिकोबानं म्हाताऱ्या तांबड्या बैलाच्या मानेवरचं जू कायमचं उतरवलं आणि म्हणाला, "बाबा, लई ओढलंस. आता बस सावलीला."

तांबड्या बाभळीखाली बसला खरा, पण जीव सगळा पेरणीच्या पाभरीत. गुलब्या आणि पाखऱ्या ही तरणी जोडी बांधाशी आली, की हा सावलीतून सांगायचा, "वळा आता. डावीकडनं. तिथं दगड आहे."

दुपारपर्यंत गुलब्या वैतागला. "काका, एवढं कळतंय तर तुम्हीच या की जुवाखाली."

"मी सुट्टीवर आहे," तांबड्या म्हणाला.

आपल्यावाचून पेरणी बिघडणार, ही काळजी मात्र त्याला खरीच होती. पण उन्हं कलली, वारा सुटला आणि त्याचा डोळा लागला. जाग आली तेव्हा सगळं रान पेरून झालं होतं. पेरणीची तासं सरळ, दगडालाही नीट वळसा घातलेला.

पाखऱ्या जवळ येऊन म्हणाला, "काका, झोप झाली का?"

"झोपलोय कुठं?" तांबड्या रवंथ करत म्हणाला. "डोळे मिटून बघत होतो. म्हणून तर तुम्ही चुकला नाहीत."